उघडल्याशिवाय सांगता येत नाही

म्हातारं इंजिन एकदम मरत नाही. मेलं तर सुटलो, असं वाटायला लावून रखडत राहतं. आधी ऑइल प्यायला लागतं, मग कूलंट, आणि शेवटी धूर काढत बसतं. व्यसनांचा क्रम ठरलेला. मग एक दिवस मेकॅनिक बॉनेट उघडतो, मान तिरकी करून ॲक्सिलरेटर दाबायला सांगतो, हात पुसतो आणि म्हणतो, "इंजिनचं काम निघालंय." किती खर्च येईल? "उघडल्याशिवाय सांगता येत नाही."

हे वाक्य खरं आहे, म्हणूनच मला त्याची धास्ती वाटते. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, एकदा खाली उतरलं की गाडी चालवता येत नाही, दुसऱ्या गॅरेजला न्यायची तर टो करावी लागते, आणि विकायला काढली तर फक्त भंगारवालाच आपुलकीने बोलतो. त्यानंतर फोनवर येणाऱ्या प्रत्येक आकड्याला आपलं उत्तर एकच: "बरं, करा." म्हणून निर्णय घ्यायचा तो पहिला बोल्ट सैल होण्याआधी. न उघडताही बरंच काही कळतं.

धूर फुकट बोलतो. निळसर असेल तर ऑइल जळतंय. पण कधी, ते बघा. सकाळी स्टार्ट करताना एक भपकारा आणि मग स्वच्छ, तर बहुतेक व्हॉल्वचे ऑइल सील गेलेत. हे काम त्यामानाने लहान. ॲक्सिलरेटर दाबताना सतत निळा, तर रिंगांवर, म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्यांवर, संशय घ्या. गरम झाल्यावरही न थांबणारा, गोडसर वासाचा पांढरा धूर म्हणजे कूलंट सिलिंडरात उतरतंय. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ मलम दिसलं की लोक हेड गॅस्केटचं, म्हणजे हेडखालच्या सीलचं, सुतक धरतात. जरा थांबा. थंडीत दोन-दोन किलोमीटरच्याच फेऱ्या होत असतील तर नुसत्या बाष्पानेही तसं होतं. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ असेल, तेव्हा खुशाल घाबरा.

त्यानंतर कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो त्याची मोजणी. पेट्रोल इंजिन गरम करा, सगळे स्पार्क प्लग काढा, इंधन आणि इग्निशन बंद करा, थ्रॉटल (हवेची झडप) पूर्ण उघडा, आणि गेज लावून प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा आवर्तनं स्टार्टर फिरवा. बॅटरी भरलेली हवी, नाहीतर इंजिनाच्या नावावर बॅटरीचा दोष लागतो. निरोगी इंजिनात साधारण 150 ते 180 पीएसआय (दाबाचं एकक) दिसतं. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. आकड्यापेक्षा तफावत महत्त्वाची. तिघे 160 आणि एकटा 105, तर त्या एकाचीच चौकशी. त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. दाब चढला तर रिंगा झिजल्यात, ढिम्म राहिला तर व्हॉल्व किंवा गॅस्केट. शेजारचे दोन सिलिंडर एकदमच पडलेले असतील तर मधली गॅस्केट फुटल्याचा दाट संशय. गरम इंजिनाचं ऑइल प्रेशर वेगळं गेज लावून मोजायलाही सांगा. ते फारच कमी असेल तर क्रँकची (पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या मुख्य दांड्याची) बेअरिंगं झिजली असण्याची शक्यता मोठी, आणि मग "फक्त हेडचं काम" या शब्दांना अर्थ राहत नाही.

एवढं झालं की इंजिन सोडून गाडीखाली जायचं. लोक इथेच चुकतात. सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून कोरून, ओव्हरसाइझ, म्हणजे मोठ्या मापाचे, पिस्टन टाकता येतात, क्रँक ग्राइंड करता येतो, पण गंजलेल्या चासीला ओव्हरसाइझ मिळत नाही. सस्पेन्शन जिथे बॉडीला बसतं तिथे आणि दारांखालच्या पट्टीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. टणक आवाज आला तर पुढे बोलू. खरखर करून पापुद्रे पडले तर इंजिनाची चर्चा तिथेच संपवा.

खाली सगळं धड असेल तर हिशेब. "गाडीची किंमत तरी तेवढी आहे का?" हा प्रश्न प्रत्येक हितचिंतक विचारतो आणि तो चुकीचा आहे. आपल्याला गाडी विकायची नाही, चालवायची आहे. खर्चाला मिळणाऱ्या महिन्यांनी भागा आणि दुसरी गाडी घेतल्यास महिन्याला काय पडेल त्याच्याशी ताडून बघा. दुसरी जुनी गाडी म्हणजे पुष्कळदा दुसऱ्या कोणीतरी न करता विकलेलं इंजिनचं काम असतं, हेही त्यात धरा. अंदाजावर पाव हिस्सा वाढवा, आणि तोही परवडत असेल तरच "हो" म्हणा.

"हो" म्हणताना "हाफ इंजिन" (इंजिनचं अर्धंच काम) म्हणजे नेमकं काय, ते कागदावर लिहून घ्या. या शब्दाची व्याख्या गॅरेजगणिक बदलते. "नुसत्या रिंगा टाकू" या प्रेमळ सूचनेपासून सावध राहा. सिलिंडर वरच्या बाजूला जास्त झिजतो आणि अंडाकृती होतो. त्यात नवी गोल रिंग बसवली तरी फट उरतेच. बोअर (सिलिंडरची आतली पोकळी) वर, मध्ये, खाली आणि दोन्ही दिशांनी मोजायला सांगा. माप हद्दीबाहेर गेलं असेल तर बोअरिंग करून 0.25 किंवा 0.50 मिलिमीटर ओव्हरसाइझ पिस्टन टाकायचे. हेड सरळपट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तपासून, वाकलं असेल तर फेस करून, म्हणजे घासून सपाट करून, तडा नाही याची खात्री करूनच बसवायचं. ताणून बसणारे हेड बोल्ट असतील तर ते नवेच घ्या. तिथली काटकसर महिन्याभरात पुन्हा पाणी गाळते.

मग येतं दुसरं धोक्याचं वाक्य: "आता उघडलंच आहे तर..." याला सरसकट नकार देऊ नका. इंजिन खाली उतरलंच असेल तर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, क्रँकचा मागचा ऑइल सील, टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप तेव्हाच बदलावेत, कारण नंतर तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते. अल्टरनेटर, हॉर्न आणि सीट कव्हर मात्र इंजिन जागेवर असतानाही बदलता येतात, कितीही आग्रह झाला तरी.

गाडी परत आली की पहिले हजार किलोमीटर एका वेगात ताणायची नाही, उभी ठेवून घुरघुरवायचीही नाही; भार कमी-जास्त होत राहिला तर रिंगा बसतात. पहिलं ऑइल लवकर बदला, त्यात धातूचा चुरा असतो. आणि इंजिन इतकं शांत झालंय म्हणून खूश होऊन काचा वर केल्यात की त्याच्या आवाजाखाली इतके दिवस दबलेली घरघर ऐकू येईल. गाडी डावीकडे वळवताना ती वाढत असेल तर उजव्या चाकाचं बेअरिंग.