टायरमधली हवा आणि डोक्यातली हवा

दिवाळीचा फराळ संपत आला की पुण्यातल्या फोर बाय फोरवाल्यांच्या, म्हणजे चारही चाकांना जोर मिळणाऱ्या गाड्यांच्या शौकिनांच्या, ग्रुपवर जैसलमेरची खलबतं सुरू होतात. किती गाड्या, सुरतेला मुक्काम की सरळ अहमदाबाद गाठायचं, विंच, म्हणजे रुतलेली गाडी दोरानं ओढून काढणारं यंत्र, बसवून घ्यावी का. नुसत्या वाळूच्या टेकाडावर विंचचा दोर बांधणार कशाला, असं विचारलं की ग्रुपवर शांतता. मग कोणीतरी अंगठा टाकतो आणि चर्चा छतावरच्या दिव्यांकडे वळते.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे खालच्या वादावादीत वेळ जायला नको. थारच्या वाळवंटात गाडी घेऊन जरूर जा. ही सगळी पैसेवाल्या पोरांची मस्ती, असं म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. पण 'तिथं आहे काय, नुसती वाळू' असं म्हणणाऱ्यांसोबत मी गाडी काढणार नाही.

आधी गंमत सांगतो, कारण गंमत खरी आहे. वाळूत गाडी चालवायची म्हणजे जोर लावायचा, हा समज आपण ताम्हिणीच्या चिखलातून घेऊन जातो. वाळूत जोराचा काही उपयोग नाही, हवा काढावी लागते. डांबरी रस्त्यावर टायरमधल्या हवेचा दाब बत्तीस-तेहतीस पीएसआय असतो, तो वाळूत शिरण्याआधी १५ ते १८ वर आणायचा. टायर खाली पसरतो, जमिनीला टेकणारा त्याचा भाग लांबतो, वजन वाटलं जातं आणि गाडी वाळूत न घुसता वाळूवरून जाते. उंटाचा पाय पडताना पसरतो तो नीट बघा, सगळं कळेल. मात्र बाराच्या खाली गेलात आणि स्टिअरिंग जोरात फिरवलंत, तर टायर रिममधून निसटू शकतो. ही युक्ती आपल्या यूट्यूबवाल्यांची नाही. राल्फ बॅग्नोल्ड नावाचा ब्रिटिश लष्करी अधिकारी १९२० आणि ३०च्या दशकांत साध्या फोर्ड गाड्या घेऊन लिबियाच्या वाळवंटात मित्रांसोबत हिंडायचा. कमी हवेचे टायर आणि रुतलेल्या चाकाखाली सरकवायच्या लोखंडी पट्ट्या त्यानं तिथं वापरून दाखवल्या. पुढं १९४० मध्ये त्याच अनुभवावर त्यानं युद्धासाठी वाळवंटी पथक उभं केलं. फोर बाय फोर नव्हतं, जीपीएस नव्हतं, दिशा सूर्यावरून.

गाडी बसली की उजवा पाय शिवशिवतो. तोच आवरायचा. चाक जितकं फिरेल तितकं स्वतःचा खड्डा खणतं आणि दोन मिनिटांत गाडीचं पोट वाळूला टेकतं. उतरायचं, फावडं घ्यायचं, चाकांपुढची-मागची आणि पोटाखालची वाळू काढायची आणि आल्या चाकोरीनंच मागं यायचं. टेकाडाची वाऱ्याकडची बाजू दबलेली, चढायला बरी. पलीकडची बाजू मात्र भुसभुशीत, बत्तीस-चौतीस अंशांचा उतार, आणि चढणाऱ्याला ती दिसतच नाही. म्हणून आमच्यात नियम आहे: एकानं आधी पायी वर जायचं, पलीकडे बघायचं आणि मग हात करायचा. गाडी सरळ चढवायची, सरळ उतरवायची. आडवी घातली की पलटी. हे पायी चढून बघणारं माणूस म्हणजेच मित्र, असं माझं प्रामाणिक मत आहे. बाकीचे सहप्रवासी.

आमच्यात असा एक आहे. नऱ्ह्याला राहतो, दिवसभरात दहा वाक्यं बोलतो. पण सगळ्यांच्या टायरला हवा मोजायचं गेज तोच लावतो, दुसऱ्याच्या गेजवर त्याचा विश्वास नाही. व्हॉल्व्हवर वाकून बसलेला असताना त्याच्याशी बोललेलं त्याला चालत नाही. "थांब रे, ऐकू येत नाहीये," म्हणतो. गेज हातात असताना हवेचा आवाज कशाला ऐकायचा, हे विचारायची आमची कोणाची हिंमत नाही.

आता मुद्द्याकडे. जैसलमेरजवळच्या खुरी गावापुढच्या एका ढाणीतले, म्हणजे छोट्या वस्तीतले, काकोसा आमच्याबरोबर पुढच्या गाडीत बसतात. एकदा टेकाडं संपली आणि समोर मस्त सपाट, घट्ट जमीन आली. दोन गाड्या शेजारी लावून पळवायचा मोह व्हावा अशी. काकोसांनी डॅशबोर्डवर हात आपटला. "रोको सा. ये आगोर है. यहाँ हम जूती पहनके नहीं जाते."

आगोर म्हणजे टांक्याचं, जमिनीत बांधलेल्या पाण्याच्या टाकीचं, पाणलोट. जैसलमेरकडे वर्षाचा पाऊस दोनशे मिलिमीटरच्या आतबाहेर. तो जेवढा पडेल तेवढा या उतरत्या जमिनीवरून वाहत टांक्यात जातो आणि घरं ते पाणी पितात. म्हणून आगोर झाडून ठेवतात, गुरं येऊ देत नाहीत. आम्ही उतरून बघितलं तर कडेला टांक्याचं बुटकं झाकण, त्याला कुलूप, आणि भिंतीत पाणी आत जायची वीतभर भोकं, काट्यांनी झाकलेली. त्या उतारावर आमच्या गाड्यांचं डिझेल-ऑइल ठिबकलं असतं, तर ते कोणाच्या तरी घशात गेलं असतं. आणि आमच्या नकाशावर ती जागा कोरी होती.

थार हे जगातल्या सगळ्यात दाट वस्तीच्या वाळवंटांपैकी एक आहे, हे आपल्या डोक्यातच नसतं. जे मोकळं दिसतं ते कोणाचं तरी चराऊ रान असतं, कोणाचं खडीन असतं, म्हणजे पावसाचं पाणी बांधानं अडवून केलेली शेती. नाहीतर ओरण असतं, देवाच्या नावानं राखलेलं रान. आपल्या मावळातल्या देवराया जशा, तशीच ती. देवराईत जीप घालायचं आपल्या मनातही येणार नाही. खेजडी म्हणजे आपली दसऱ्याची शमी. तिच्यासाठी १७३० मध्ये जोधपूरजवळच्या खेजडलीत ३६३ बिश्नोईंनी जीव दिला. सेवण गवताचे झुबके वाळू धरून ठेवतात. गाड्यांनी तेच मुळासकट उपटलं की टेकाड सुटतं आणि वाळू ढाणीच्या दारात जाते.

आणि माळढोक. डेझर्ट नॅशनल पार्क साधारण ३१६२ चौरस किलोमीटरचं आहे आणि या पक्ष्याचा शेवटचा मोठा आधार तिथंच. एकूण उरलेत दीडशेच्या आत. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. माळढोकाचा मोठा काळ गाड्या नाहीत, विजेच्या तारा आहेत, हे मान्य. पण म्हणून चाकांना मोकळीक मिळत नाही. आपल्या सोलापूरजवळ नान्नजला १९७९ पासून माळढोकाचं अभयारण्य आहे. तिथं आता माळढोक दिसला तर बातमी होते.

जैसलमेरजवळची समची टेकाडं, जिथं सगळे पर्यटक जातात, ती तर सोडाच. सूर्यास्ताला तिथं जीपांची रांग, स्पीकर, 'डेझर्ट सफारी'च्या नावानं एकाच टेकाडावर शंभर चाकोऱ्या. तिथल्या पोरांना मी बोल लावणार नाही, त्यांचं पोट त्यावर आहे. गिऱ्हाईक कोण असतं ते बघा. बऱ्याच गाड्यांवर एमएच-१२ आणि एमएच-१४.

वेताळ टेकडीवरून रस्ता न्यायचं म्हटलं की फलक घेऊन उभे राहणारे आपणच. बरोबरच करतो. पण तीच माणसं रविवारी सासवड-सुप्याकडच्या माळावर 'सरावा'ला जातात, कारण सरकारी कागदावर ते पडीक. त्या पडिकात चिंकारा आहे, लांडगा आहे, मेंढपाळांची कुरणं आहेत. सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य उगाच नाही केलेलं. डोळ्याला झाड दिसलं नाही की आपण जागा रिकामी समजतो, मग ती बारामतीची असो की बाडमेरची.

सरसकट बंदी घाला, असं मी म्हणत नाही. बंदीनं फक्त रात्रीच्या गाड्या वाढतील. गावानं वाटा ठरवाव्यात, गाडीमागं पैसे घ्यावेत, सोबत गावचं माणूस सक्तीचं करावं. वाळूत वाट चुकणं सोपं असतं, आणि सरहद्द जवळ आली की परवानगीचं आणि सीमा सुरक्षा दलाचं काम वेगळंच.

जानेवारीत आम्ही निघतोय, गाड्या मोजक्याच. यायचं असेल त्यांनी इनबॉक्स करा. प्रत्येक गाडीत फावडं, कॉम्प्रेसर आणि माणशी भरपूर पाणी हवं. आगोर, ओरण, गवत टाळून रुळलेल्या वाटेनंच जायचं, अंधारात चाक फिरणार नाही आणि काकोसा म्हणतील ती पूर्व. गेज आणू नका, नऱ्ह्याचा माणूस तसाही तुमच्या गेजवर विश्वास ठेवणार नाही. स्पीकर आणायचा असेल त्यांनी ताम्हिणीला जा म्हणणार होतो, पण ताम्हिणीवाले आधीच वैतागलेत.