'हेड कुठलंही आणा, कॅमशाफ्ट आपलाच घाला': हा सल्ला कुठे फसतो

वापरलेलं सिलिंडर हेड (इंजिनाचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) बसवताना एक सल्ला सर्रास दिला जातो: 'त्यातला कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, थोडक्यात कॅम) काढा, आपला घाला. आपला ओळखीचा, मॉडेल तेच, म्हणजे बसणारच. हेडला फेसिंग मारलं (खालचा चेहरा घासून सपाट केला) की काम झालं.' पुशरॉडच्या इंजिनाला हे लागूच नाही. तिथे कॅम ब्लॉकमध्ये, म्हणजे हेडखालच्या भागात असतो. प्रश्न ओव्हरहेड कॅमचा, म्हणजे हेडमध्येच बसणाऱ्या कॅमचा आहे.

'मॉडेल तेच, म्हणजे बसणारच.' बसेल, पण चालेलच असं नाही. बऱ्याच ॲल्युमिनियम हेडमध्ये कॅमला वेगळं बेअरिंग नसतं, जर्नल (कॅमचे टेकून फिरणारे गोल भाग) थेट हेडच्या धातूत फिरतात. कॅप (कॅमला वरून धरणारे तुकडे) आवळून सगळी भोकं एकत्र बोअर केलेली असतात, म्हणूनच कॅपवर नंबर आणि बाण असतात. आपल्या कॅमबरोबर आपल्या कॅपही नेणं ही त्यातली सर्वांत महागडी चूक. टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्हमधले ठोकळे) काढून कॅम ठेवा, जर्नलवर प्लास्टिगेजची पट्टी (दाबून किती पसरली त्यावरून गॅप सांगणारी मऊ तार) ठेवून कॅप ठरलेल्या टॉर्कला आवळा आणि कॅम न फिरवता पुन्हा उघडा. गॅप साधारण 0.03 ते 0.08 मिमी निघते. अंतिम आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलचा. गॅप जास्त असेल तर तेलाचा दाब पडतो आणि हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) टॅपेट वाजू लागतात.

शिवाय एकाच मॉडेलच्या दोन सालांत सेन्सरचा दात, व्हॅक्यूम पंपाची खाच किंवा व्हीव्हीटीचं (चालू इंजिनात व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणाऱ्या यंत्रणेचं) टोक बदललेलं असू शकतं. दोन्ही कॅम शेजारी ठेवून बघा.

'आपला कॅम ओळखीचा.' ओळख त्याची आपल्या टॅपेटशी, नव्या हेडमधल्या टॅपेटशी नाही. सपाट टॅपेट आणि लोब (कॅमवरचा टॅपेट दाबणारा उंचवटा) एकमेकांवर झिजून जोडी बनतात. दुसऱ्याच लोबखाली गेलेला जुना टॅपेट नीट फिरत नाही, एकाच जागी घासतो आणि लोबचं टोक खातो. चांगल्या जुन्या कॅमवर नवे टॅपेट चालतात. नव्या कॅमवर जुने टॅपेट कधीच नाही. रोलर फॉलोअर (लोबवर चाकाने फिरणारे) असतील तर एवढी कटकट नसते. म्हणून हेडसोबत आलेला कॅम धड असेल तर तोच, त्याच टॅपेटसह, त्याच क्रमाने ठेवणं बरं. आपला घालायचाच असेल तर टॅपेट नवे घ्या, नाहीतर आपलेच क्रमाने न्या आणि ते नव्या हेडच्या भोकात सैल होत नाहीत ना, हे बघा.

शिमच्या (पातळ चकतीने गॅप जुळवायच्या) इंजिनात क्लिअरन्स, म्हणजे लोब आणि टॅपेटमधली गॅप, नव्याने काढावाच लागतो. नवा शिम = जुना शिम + मोजलेली गॅप − हवी असलेली गॅप. शिम 2.70, गॅप 0.12, हवी 0.20, तर 2.62 मिमीचा शिम.

'फेसिंग मारलं की काम झालं.' हे सगळ्यात घातक. तापून वाकलेल्या हेडचा खालचा चेहरा फेसिंगने सरळ होतो, वरची कॅमची रेघ वाकडीच राहते. टॅपेट काढून, कॅप पूर्ण टॉर्कला आवळून कॅम हाताने फिरवा. अडकला तर आधी कॅम व्ही-ब्लॉकवर ठेवून तो वाकलाय का ते डायल गेजने तपासा. कॅम सरळ निघाला तर दोष हेडचा. लाइन बोअरिंग करा (कॅमची सगळी भोकं पुन्हा एका रेषेत बोअर करा) किंवा हेड परत द्या. असाच बसवलेला कॅम जर्नल खातो, कधी तुटतो.

बसवताना लोबला असेंब्ली पेस्ट लावा आणि कॅप मधून बाहेर, अर्धा-अर्धा फेरा आवळत न्या. एकच टोक आधी आवळलं तर चांगला कॅमही मोडतो. टायमिंग लागल्यावर क्रँक पान्याने दोन पूर्ण फेरे फिरवा. हायड्रॉलिक टॅपेट असतील तर त्याआधी अर्धा तास थांबा, नाहीतर तेलाने फुगलेले टॅपेट व्हॉल्व्ह उघडा धरतात आणि पिस्टन त्यावर आपटू शकतो.