आवाज येतोय की!

नाशकात एम.जी. रोडवरच्या कॉम्प्युटरच्या दुकानातलं पोरगं हेडफोनची पिन माझ्या डेस्कटॉपच्या पुढच्या जॅकमध्ये खुपसतं काय, व्हॉल्यूम शंभरवर नेतं काय, आणि हेडफोन कानाला न लावता, काउंटरवर पडल्या पडल्याच त्यातून चिरचिर ऐकून म्हणतं काय, "दादा, आवाज येतोय की!" अरे बाबा, येतोय हे मलाही कळतंय. अजिबातच येत नसता तर तक्रार एका शब्दात संपली असती. एवढं धूड उचलून द्वारकेच्या ट्रॅफिकमधून इथवर आणलंय ते कसा येतोय हे ऐकवायला. पण ऐकायचंय कोणाला?

तक्रार अगदी स्पष्ट होती. गाण्यातली गायिका गायब. व्हायोलिन डावीकडे ठणठणीत, तालवाद्यं उजवीकडे ठणठणीत, आणि मधला मुख्य आवाज मात्र विहिरीच्या तळातून. बेसही गेलेला. यावर निदान काय? "साऊंड कार्ड उडालंय. मदरबोर्ड बघावा लागेल. आधी विंडोज मारून बघू." यांना काहीही सांगा, विंडोज पुसून नव्याने टाकणार, म्हणजे मारून बघू! की-बोर्डवर चहा सांडला तरी हे विंडोज मारतील.

मधला आवाज गेला म्हणजे ग्राउंड, दोन्ही स्पीकरची सामायिक परतीची तार, सुटलं, एवढं साधं आहे हो. मोबाइलच्या माइकवाल्या हेडफोनच्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात, डेस्कटॉपच्या साध्या जॅकला दोन रेघांची पिन लागते. तीन रेघांची पिन आत गेली की सॉकेटमधली ग्राउंडची पत्ती कधीकधी नेमकी माइकच्या कडीवर जाऊन टेकते. मग डावा आणि उजवा स्पीकर एकमेकांतूनच जोडले जातात आणि ऐकू येतो तो फक्त दोन्हींतला फरक. गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखा, त्यामुळे तो वजा होतो. खात्री करायला पाच सेकंद पुरतात: हेडफोनच्या वायरवरचं फोन उचलायचं बटण दाबून धरा. ते बटण माइकची तार ग्राउंडला जोडतं. गायिका लगेच जागेवर येते, बटण सोडलं की पुन्हा विहिरीत. किंवा पिन आतबाहेर केसभर हलवून बघा. मदरबोर्ड कशाला बदलताय, कोणाच्या खिशातून?

बरं, यावर इलाज स्प्लिटर. तो मागितला की हमखास चुकीचा हातात टेकवतात. दोघांनी मिळून एकाच फोनवर गाणी ऐकायचा, एक पिन आणि दोन सॉकेटं असलेला. दिसायला तोच, कामाला शून्य. पाहिजे तो उलटा: एक सॉकेट तीन रेघांची पिन घेणारं, आणि दोन पिना, एक हिरवी, एक गुलाबी, प्रत्येकीवर दोनच रेघा. हे दाखवून सांगितलं तरी उत्तर ठरलेलं, "सेमच आहे, दादा." रेघा मोज ना! दोनपर्यंत मोजायचंय!

आता निघालंच आहे तर पुढच्या जॅकचंही होऊन जाऊ दे. असेंबल करणारे त्या जॅकची केबल ग्राफिक्स कार्डाखालून, पॉवर सप्लायच्या वायरींच्या गठ्ठ्यातून ओढत नेतात आणि वर झिप टाय आवळून "केबल मॅनेजमेंट" म्हणून फोटो काढतात. मग माउसचं चाक फिरवलं की कानात किर्रर्र, गेम चालू केला की सुंईऽऽ. जुन्या कॅबिनेटच्या त्याच केबलला दोन प्लग असतात, नव्या पद्धतीचा एचडी ऑडिओ आणि जुन्या पद्धतीचा एसी ९७, त्यातला नेमका एसी ९७ वाला खोचलेला. तपासणी फुकट आहे: हेडफोन मागच्या हिरव्या जॅकला लावा. किरकिर गेली तर दोष केबलचा, कार्डाचा नाही.

आणि लॅपटॉपवाल्यांनो, चार्जर लावला की घुंऽऽ आणि काढला की शांत, याला "ड्रायव्हर अपडेट कर" सांगणाऱ्याला समोरून हात जोडा. ते अर्थिंग आहे. थ्री-पिन चार्जर टू-पिनच्या कन्व्हर्टरमध्ये घातलाय, नाहीतर जुन्या नाशकातल्या वाड्यात सॉकेटला तिसरं भोक नुसतं शोभेला आहे. धातूच्या लॅपटॉपवर हात फिरवला की मुंग्या येतात ना, तेच कानात वाजतंय. वायरमन बोलवा.

विंडोजचं तर बोलायचंच नाही म्हटलं होतं. पण कोणाचा कॉल आला की गाणं ऐंशी टक्के दबतं, हे परस्पर ठरवलं कोणी? विंडोजच्या बटणासोबत आर दाबा, एम-एम-एस-वाय-एस डॉट सी-पी-एल टाइप करा, कम्युनिकेशन्स टॅबमध्ये "डू नथिंग" निवडा. तिथंच प्लेबॅकमध्ये स्पीकरची प्रॉपर्टीज उघडा, लेव्हल्समध्ये माइक आणि लाइन-इन चालू दिसले तर म्यूट करा, अर्धी सूंसूं त्यांचीच असते. एन्हान्समेंट्स सगळ्या बंद. ब्लूटूथ हेडफोन मीटिंगमध्ये डबा वाजायला लागला तर तो बिघडलेला नाही, माइक चालू झाल्यामुळे हँड्स-फ्रीवर, म्हणजे फोन-कॉलच्या हलक्या आवाजावर, घसरलाय; मीटिंगच्या सेटिंगमध्ये माइक लॅपटॉपचा निवडा, आवाज परत येईल.

आता घरचे म्हणतात, एवढं काय त्यात, गाणं तर तेच आहे. बरोबर आहे त्यांचं. मिरवणुकीत ढोलासमोर छाती हादरेपर्यंत तास तास उभं राहायचं आणि घरी येऊन हेडफोनमध्ये बारीक सूं ऐकू येते म्हणून सगळ्यांचा टीव्ही बंद करायला लावायचा, हा नखरा अस्मादिकांचाच. कान आहेत की टेस्टर, असंही ऐकून झालंय.

तरी ते दीडशे रुपयांचं "७.१" यूएसबी डोंगल गळ्यात मारणाऱ्याला माफी नाही. वर छापलंय ७.१, म्हणजे सात स्पीकर आणि एक बेसचा, भोकं दोन, एक माइकचं, एक हेडफोनचं! बाकीचे स्पीकर काय सिडकोत बसवायचे? यूएसबीचं चांगलं छोटं डॅक, म्हणजे डिजिटल गाण्याचा हेडफोनसाठी आवाज करणारी डबी, घ्यायचं तर आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे त्या डबीचा स्वतःचा ओहममधला अडथळा, विचारा. हेडफोनच्या ओहमच्या आठव्या हिश्शापेक्षा कमी हवा, म्हणजे ३२ ओहमच्या हेडफोनला ४ च्या खाली. काउंटरवर हा प्रश्न विचारलात तर कसे बघतात ते बघा. पण विचाराच.

आणि जॅकमध्ये तोंडाने फुंकर मारणाऱ्या तमाम इंजिनिअरांनो, थुंकी उडते. आत गंज धरतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली ठेवा काउंटरवर, पिनेला लावा, दहा वेळा आतबाहेर करा, सुकू द्या. तोंड मिटून.