इफ हे फंक्शन नाही हो भाऊ

लिस्प या प्रोग्रामिंग भाषेवरचा तुमचा लेख मस्तय, पण "लिस्पमध्ये सगळं फंक्शनच असतं, अगदी इफसुद्धा" हे वाक्य तेवढं बदला राजेहो, नवीन पोरं नेमकी इथंच फसतात. फंक्शन म्हटलं की त्याचे सगळे आर्ग्युमेंट (त्याला दिलेल्या गोष्टी) आधी इव्हॅल्युएट होणार, म्हणजे त्यांची उत्तरं काढली जाणार, मग ते चालणार. इफ म्हणजे कंडिशन (अट) बघून दोनपैकी एक फांदी निवडणारा, त्याचं तसं नाही ना, कंडिशन खरी निघाली तर दुसऱ्या फांदीला तो हातच लावत नाही, म्हणून तर कॉमन लिस्पमध्ये (लिस्पचाच एक प्रकार) त्याला स्पेशल ऑपरेटर म्हणतात. मी पण आधी तुमच्यासारखंच समजायचो. इथं नागपुरात कॉलेजला असताना होस्टेलवर बसून "माझा-इफ" नावाचं फंक्शन लिहिलं, आत साधा इफच, आणि ते फॅक्टोरियलमध्ये (पाचाचं म्हणजे ५×४×३×२×१, दर वेळी एक कमी करत स्वतःलाच बोलावणारं फंक्शन) टाकलं. झालं! शून्यावर थांबायचं सोडून गडी उणे एक, उणे दोन करत खालीच चालला, शेवटी स्टॅक (अर्धवट राहिलेले कॉल ठेवायची मेमरी) भरला. कारण माझ्या फंक्शनला दोन्ही फांद्यांची उत्तरं आधीच पाहिजे होती. अर्धी रात्र कंस मोजण्यात गेली (मे महिना, कूलरमध्ये पाणी नाही), अन् चूक कंसात नव्हतीच. सकाळी डीफनच्या (फंक्शन बनवायचं) जागी डेफमॅक्रो (मॅक्रो बनवायचं; मॅक्रो आर्ग्युमेंटची उत्तरं न काढता त्यांचा कोड तसाच घेऊन नवा कोड बनवतो) करून नीट लिहिलं तर एका झटक्यात १२० आलं पाचाचं.

आणि हो, अँड-ऑर पण फंक्शन नाहीत, मॅक्रो आहेत. विश्वास नसेल तर रिड्यूसला (यादीवर एखादं फंक्शन लावत एकच उत्तर काढणारं) अँड देऊन बघा, एररच येईल.