चार विसा

रविवारी सकाळी दहाला माझ्या हॉलमध्ये फ्रेंचचा क्लास असतो आणि त्यासाठी शनिवारी रात्री दोनला मी त्याच हॉलच्या फरशीवर मांडी ठोकून कार्डं कापत बसलेली असते. नवरा पाणी प्यायला उठतो, बघतो, आणि एक शब्द न बोलता परत झोपायला जातो. लग्नाला अकरा वर्षं झाली की माणूस शिकतो.

प्रॉब्लेम असाय की बॅच एक आणि लेव्हल तीन. युरोपवाल्यांनी भाषेच्या ए-वन ते सी-टू अशा सहा पायऱ्या करून ठेवल्यात, माझ्याकडे पायऱ्या नाहीत, जिन्याखालची चपलांची गर्दी आहे. नववीतली दोन पोरं, ज्यांना कुणीतरी सांगितलंय की फ्रेंचमध्ये मार्क पडतात. एक आयटीवाला, त्याला कॅनडाच्या पीआरसाठी, म्हणजे तिथं कायमचं राहायच्या परवानगीसाठी, फ्रेंचचे जादा पॉइंट हवेत. आणि एक आजी, त्यांचा नातजावई फ्रान्समधल्या ल्याँचा आहे, त्याच्याशी त्यांना "दुभाषी मधे न घालता" बोलायचंय. (भांडायचंय, असा माझा अंदाज.)

पुस्तकातल्या संवादात सगळे एकतर मेट्रोत नाहीतर बेकरीत. 'हिवाळ्याच्या सुट्टीत काय करता?' ह्यावर पुस्तकातलं कुटुंब स्कीइंगला जातं, आमच्या पोरानं लिहिलं, स्वेटर घालतो. म्हटलं आपणच काहीतरी करू, म्हणून मिसळीच्या हॉटेलचं मेनूकार्ड फ्रेंचमध्ये बनवलं. पोरांनी किमती शोधायच्या, आजींनी ऑर्डर द्यायची, आयटीवाल्यानं तक्रारीचं पत्र लिहायचं. एका दगडात तीन पक्षी! पण मिसळ पुल्लिंगी 'ल' की स्त्रीलिंगी 'ला' ह्यावरच अर्धा तास गेला. आजी म्हणाल्या ती मिसळ, म्हणजे 'ला', विषय संपला, आणि पोहे अनेकवचनी म्हणून 'दे पोहे'. मला काही खोडून काढता येईना. आयटीवाल्याच्या पत्राची सुरुवात 'हा मेल मिळेल तेव्हा आपण कुशल असाल अशी आशा' इथून, पुढे दोन फॉलोअप, आणि तर्री कमी होती हे शेवटच्या ओळीत.

नामांचे रंग हा माझा अजून एक शहाणपणा. पुल्लिंगी निळे, स्त्रीलिंगी लाल, रात्रभर रंगवले. झेरॉक्सवाल्यानं ब्लॅक अँड व्हाइट काढून दिले, सगळी नामं राखाडी. वर म्हणतो, मॅडम, तुमचे पंचवीस रुपये वाचवले.

ऐकायच्या सरावासाठी फ्रेंच रेडिओ आरएफआयचं सोप्या फ्रेंचमधलं दहा मिनिटांचं बातमीपत्र लावते. सोपं कुणासाठी ते त्यांनाच माहीत. त्यात नेमका माझा कुकर. एका पोरानं उत्तर लिहिलं, बातमी रेल्वेबद्दल होती, तीन शिट्ट्या झाल्या.

पण खरी वाट लागली आकड्यांच्या बिंगोला. चाळीस कार्डं, लॅमिनेशन केलेली, कोपरे गोल. फ्रेंच लोक साठपर्यंत माणसासारखे मोजतात आणि मग त्यांना काहीतरी होतं. 70 म्हणजे साठ-दहा, 80 म्हणजे चार-वीस, 99 म्हणजे चार-वीस-दहा-नऊ, कात्र-व्हॅं-दिझ-नफ. मी फळ्यावर गुणाकार काढला, बाण काढले, पोरं माझ्याकडे बघतायत जसं काही मीच हे ठरवलं. बेल्जियम नि स्वित्झर्लंडमधे 70 ला सरळ सेप्ताँत म्हणतात हे ऐकल्यावर आयटीवाला मोबाईलवर स्वित्झर्लंडच्या नोकऱ्या बघायला लागला.

तेवढ्यात आजी म्हणाल्या, "अगं पोरी, एवढं काय त्यात? चार विसा."

"कुठला व्हिसा?" आयटीवाल्यानं झटकन मान वर केली.

"व्हिसा नाही रे, विसा! आमच्या गावाला बाजारात आंबे असेच मोजायचे. तीन विसा न् दहा, म्हणजे सत्तर. चार विसा, ऐंशी. बरोबरेय की तुमच्या फ्रेंचांचं."

मी हातातला खडू खाली ठेवला. तीन रात्री, चाळीस कार्डं, लॅमिनेशनचे पैसे वेगळे.

पुढचा आकडा मी पुकारला, कात्र-व्हॅं-दिझ-नफ, आणि पहिल्यांदाच कुणाला तरी तो लगेच कळला. "चार विसा नि एकोणीस!" म्हणत आजींनी खूण केली आणि बिंगो करून मोकळ्या झाल्या.

पोरं एकमेकांकडे बघत होती. मग धाकट्यानं हळूच हात वर केला.

"मॅम, एकोणीस म्हणजे नाइन्टीन की ट्वेंटी नाइन?"

येत्या शनिवारी परत कार्डं कापायचीयत. मराठी आकड्यांची.