दृढीकरणानंतरचा रविवार

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत, म्हणजे चर्चच्या समुदायांत, तरुणांचा विषय निघाला की तो हमखास गाण्यापाशी येऊन थांबतो. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं पेटी-तबल्यावरच गायची की ड्रम आणि कीबोर्ड आणायचा? इंग्रजी शाळेतल्या मुलांसाठी वेगळी उपासना भरवायची का? एक बाजू म्हणते, मुलं निघून चालली आहेत. दुसरी म्हणते, आहे तेही हातचं जाईल. काळजी दोघांचीही खरी आहे. पण जर्मनीत राहून इथल्या मंडळ्यांचा अनुभव पाहता मला वाटतं की गळती भलतीकडेच आहे. ती दृढीकरणानंतरच्या, म्हणजे मूल स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करून मंडळीचं पूर्ण सभासद होतं त्या विधीनंतरच्या, पहिल्या वर्षात आहे.

दृढीकरणाची रीत प्रोटेस्टंट चर्चमध्ये रुजली ती याच देशात. 1539 साली हेसमधल्या झीगनहाइनला ठरलेल्या नियमावलीत तिचा पाया आहे. आजही तेरा-चौदा वर्षांची मुलं वर्ष-दीड वर्ष या वर्गाला जातात. वर्ग कुठे दर आठवड्याला दीड तास भरतो, तर कुठे महिन्यातून एक शनिवार. जोडीला उन्हाळ्यात शिबिर असतं. पैशाची चणचण नाही, कारण सभासदाच्या आयकराच्या 8 किंवा 9 टक्के रक्कम चर्चकर म्हणून येते. पगारी युवा-कार्यकर्ते आहेत, छापील साहित्य आहे, वाद्यंही आहेत. तरी प्रोटेस्टंट सभासदांची संख्या 2024 अखेर 1.8 कोटींच्या खाली गेली आणि ती दर वर्षी लाखोंनी घटते आहे.

बिघडतं कुठे, ते दृढीकरणाच्या दिवशीच दिसतं. नवा सूट, नातेवाइकांची पंगत, पैशांची पाकिटं, स्वतः निवडलेलं बायबलमधलं वचन. पुढच्या रविवारी बाक रिकामा! अभ्यासक्रम संपला, प्रमाणपत्र मिळालं, आणि पुढे काय हे कुणी सांगितलेलंच नसतं. सोहळा जितका मोठा, तितका तो निरोप समारंभ वाटतो. 1921 च्या कायद्यानुसार चौदाव्या वर्षापासून धर्माचा निर्णय मुलाचा स्वतःचा असतो. काम दिलं नाही तर तो निर्णय आपोआपच होऊन जातो.

जिथे मुलं टिकतात, तिथे बहुतेक वेळा एक गोष्ट केलेली असते. यंदा दृढीकरण झालेल्यांना पुढच्या वर्षीच्या वर्गात मदतनीस म्हणून घेतात. त्यांना इथे ‘टीमर’ म्हणतात. चार-पाच मुलांच्या गटामागे एक टीमर. पुढे सोळाच्या सुमारास गट चालवणं, कायदेशीर जबाबदारी, मुलांची सुरक्षितता अशा विषयांचं साधारण 30 तासांचं प्रशिक्षण आणि प्रथमोपचाराचा कोर्स झाला की युवानेत्याचं अधिकृत ओळखपत्र मिळतं. तेरा वर्षांचा मुलगा पाळकांचं, म्हणजे धर्मगुरूंचं, ऐकतो, पण प्रश्न विचारतो सोळा वर्षांच्या मुलाला. आणि त्याला उत्तर द्यायचं म्हणून त्या सोळा वर्षांच्या मुलाला बायबलमधलं मार्काचं शुभवर्तमान पहिल्यांदाच नीट वाचावं लागतं.

आपल्याकडे संडे स्कूल संपतं, दृढीकरण होतं आणि मूल थेट तरुण संघात जातं. तिथला सेक्रेटरी पस्तिशीचा, लग्न झालेला. पंधरा वर्षांची मुलगी मागच्या खुर्चीत बसून दोन सभा ऐकते, मग येत नाही. त्यात दहावीचे क्लास रविवारीच. यात दोष कुणा एकाचा नाही, वेळापत्रकच चुकलेलं आहे. ज्या मंडळ्यांत वयाची अट आड येत नाही, तिथे वर्ग आठवीच्या जूनला सुरू करून पुनरुत्थानाच्या सणापर्यंत (ईस्टर) संपवावा. 20 रविवार, दर वेळी दीड तास, म्हणजे 30 तास होतात. नववीत त्याच मुलांना नव्या वर्गाच्या मदतीला घ्यावं, महिन्यातून एकच रविवार. दहावीत मोकळं सोडावं, फक्त उपासनेत बायबल वाचण्याची पाळी ठेवावी. बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये संपली की मेमधल्या व्हीबीएससाठी (मुलांची सुट्टीतली बायबल शाळा) त्यांना तयार करायला चांगला महिनाभर हातात राहतो.

दीड तासाचे तुकडे पाडणं महत्त्वाचं. उपासनेनंतर मुलं भुकेली असतात, म्हणून पहिली पंधरा मिनिटं पोह्यांची. मग वीस मिनिटं एकच उतारा, प्रत्येकाने मोठ्याने वाचायचा. अर्धा तास गटात काम, शेवटी प्रश्नपेटी आणि प्रार्थना. पंधरा जणांना माणशी 20 रुपये धरले तर वीस रविवारांचे 6,000 रुपये होतात. नाताळच्या मंडपाचं बिल यापेक्षा मोठं असतं.

प्रश्नपेटीत चिठ्ठीवर नाव नसावं आणि उत्तर पुढच्या रविवारी द्यावं. लगेच उत्तर द्यायला गेलं की पाठ केलेलं वाक्य बाहेर येतं, आणि मुलांना ते ताबडतोब कळतं. माझी मैत्रीण ख्रिस्ती नाही, तिचं तारण होणार नाही का? मंडळीत लग्नं जातीत का जुळवतात? शाळेत धर्मांतराचे टोमणे मारतात, काय बोलू? खरं ईश्वरविज्ञान इथून सुरू होतं. आपल्या परंपरेला हे नवं नाही. 1616 च्या ख्रिस्तपुराण या मराठी काव्यात इंग्रज मिशनरी फादर स्टीफन्स यांनी पुराणाची सुरुवातच एका नवख्रिस्ती ब्राह्मणाच्या प्रश्नाने केली आहे: जुनी पुराणं बंद केलीत, मग आम्ही वाचायचं काय? आणि ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये ‘देवाचा दरबार’ उभारला तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणायला. मैत्रिणीविषयीची ती चिठ्ठी आली की टिळकांचा हा प्रयोग वर्गात मांडावा, त्याला झालेला विरोधही सांगावा, आणि मुलांना आपसात वाद घालू द्यावा.

एका बाबतीत मात्र जर्मनीचा धडा कडू आहे. जानेवारी 2024 मध्ये इथल्या प्रोटेस्टंट चर्चमधल्या लैंगिक अत्याचारांचा संशोधन-अहवाल आला. त्यात किमान 2,225 पीडित आणि 1,259 आरोपित नोंदले आहेत. हे फक्त कागदोपत्री सापडलेलं. मुलांसोबत काम करणाऱ्याकडून विशेष पोलीस दाखला मागण्याची पद्धत इथे आहे, तीही उशिराच आली. आपल्याकडे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पॉक्सो कायद्याचं कलम 19 अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाला ती पोलिसांना कळवायला बांधतं. न कळवल्यास कलम 21 प्रमाणे शिक्षा आहे. ‘मंडळीचं नाव जाईल’ म्हणून प्रकरण आतल्या आत मिटवणं हा गुन्हाच आहे. शिबिरात कुठलाही मोठा माणूस एका मुलासोबत बंद खोलीत एकटा असू नये, प्रत्येक गटामागे दोन मोठी माणसं असावीत, त्यात एक बाई हवीच. सोळा वर्षांच्या मदतनीसाला यात मोठा माणूस धरू नये, त्याचंही रक्षण आपल्याकडेच आहे.

गाण्याचा वाद चालू राहील, राहू दे. एवढंच करावं की वर्षातून चार उपासनांची गाणी याच मदतनीसांनी निवडावीत. जुनं भजन ठेवायचं की काढायचं, हे त्यांनी त्याचा अर्थ मंडळीसमोर दोन मिनिटांत सांगून ठरवावं. आणि पट्टी जरा खाली घ्यावी, चौदाव्या वर्षी आवाज फुटलेल्या मुलांनाही गाता आलं पाहिजे.