एकाच घरातले तीन भाऊ

भाऊ, रामराम.

यकृताच्या कर्करोगावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय, “आमच्या रावेर भागात एकाच घरातले तीन सख्खे भाऊ लिव्हरच्या कॅन्सरने गेले. तिघंही माळकरी, दारूला शिवले नाहीत. तुम्ही मात्र दारू न् बुरशीच घेऊन बसलात. एकेका समाजाच्या रक्तातच ते असतं, हे लिहायला घाबरता का?”

घाबरलो नाही, पण जनुकांना दोन ओळींत उरकलं, ही चूक कबूल. पीएनपीएलए3 नावाचं जनुक आहे. त्यातल्या एका बदलामुळे यकृतात चरबी साठते आणि पुढे कर्करोगाचा धोकाही वाढतो. 2008 साली अमेरिकेतल्या डॅलसच्या अभ्यासात या बदलाचं प्रमाण हिस्पॅनिक लोकांत 49 टक्के, युरोपीय वंशाच्यांत 23 आणि आफ्रिकी वंशाच्यांत 17 टक्के भरलं. म्हणजे फरक आहेच. पण तो कमी-जास्तीचा. अमक्या समाजात आहे नि तमक्यात नाहीच, असं नाही. त्यातही वजन किंवा दारू जोडीला आली की तो जास्त नडतो.

तुमचे तीन भाऊ वाचून मला आठवले ते बरूक ब्लमबर्ग. 1960 च्या दशकात हा माणूस देशोदेशीच्या लोकांच्या रक्तातले आनुवंशिक फरकच शोधत होता. ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासीच्या रक्तात त्यांना वेगळंच प्रथिन सापडलं. काही लोकसमूहांत जास्त, काही घराण्यांत हटकून. त्यांनाही आधी वाटलं, हे वारशानेच येतंय. ते निघालं कावीळ-बीच्या विषाणूचं! 1976 च्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला तो यामुळे.

हा विषाणू बाळंतपणात आईकडून बाळाला जातो. जन्मताच लागण झालेल्या दहांपैकी नऊ बाळांत तो कायमचा मुक्काम ठोकतो. ना डोळे पिवळे, ना ताप. मग काहींना चाळिशी-पन्नाशीत यकृताचा कर्करोग होतो नि एकदम पोट फुगतं. एका आईची तीन लेकरं, तिघांना एकच दुखणं. बघणारा आनुवंशिकच म्हणणार! तैवानने 1984 पासून बाळांना लस द्यायला सुरुवात केली आणि तिथल्या मुलांमधला यकृताचा कर्करोग घटला. जनुकं तर तीच होती.

बुरशीवर मी अडून बसतो त्यालाही कारण आहे. 1974 मध्ये राजस्थान-गुजरात सीमेवरच्या बांसवाडा-पंचमहाल भागातल्या आदिवासी गावांत बुरशी धरलेला मका खाऊन शंभरावर माणसं दगावली. तो कर्करोग नव्हता, थेट विषबाधा होती. पण विष तेच, अफ्लाटॉक्सिन. थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं, त्यात कावीळ-बी असली, की कर्करोगाची वाट मोकळी. माझी आजी कडू शेंगदाणा तोंडात आला की थुंकायला लावायची. तिला नाव माहीत नव्हतं एवढंच.

आता कामाचं. त्या घरातल्या बहिणी, मुलं, पुतणे, सगळ्यांची एचबीएसएजी तपासणी करून घ्या. साधी रक्ताची तपासणी आहे, कावीळ-बीचा विषाणू अंगात आहे का ते सांगते. निगेटिव्ह आली तर लस घ्या. पॉझिटिव्ह आली तर लिव्हरच्या डॉक्टरकडे जा, ते औषधाचं ठरवतील आणि सहा-सहा महिन्यांनी सोनोग्राफीही सांगतील. आणि तिघांच्या फाइली कपाटात असतील तर हाच रिपोर्ट त्यात आहे का, बघून कळवा. तिघंही निगेटिव्ह निघाले, तर तुमच्या जनुकावर वेगळा लेख लिहायचं माझ्याकडे लागलं.